भाऊंनी नाकारलेले ॲम्प

स्वीकारणं कोणालाही जमतं. नाकारायला साधना लागते. ज्याला नकार साधला त्याला निम्मं जग साधलं, असं मला बरीच वर्षं मनापासून वाटत होतं. हे मी ज्यांच्याकडे बघून शिकलो त्यांना कंपनीत सगळे भाऊ म्हणत. भाऊंनी आयुष्यातला उमेदीचा काळ गिटारचे ॲम्प्लिफायर नाकारण्यात घालवला.

आमची कंपनी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत. पत्रा कापून, दाबून गाड्यांचे सुटे भाग बनवायचे, हा धंदा. मी प्रशिक्षण विभागात होतो, म्हणजे भिंतीवर लावायची सुभाषितं तयार करायचो. 'दर्जा हीच आमची ओळख' हे वाक्य माझं आहे. दुसऱ्या तीन कंपन्यांतही मी ते पाहिलं, पण त्याचा मला खेद नाही. भाऊ अंतिम तपासणीत होते, तिथले सर्वांत जुने इन्स्पेक्टर. एक भाग उचलायचा, डोळ्यांसमोर धरायचा, नखाने टिचकी मारायची आणि कान द्यायचा. पत्र्याला बारीक चीर असेल तर नाद मेलेला येतो, असं ते सांगत. तसा नाद आला की भाग हलकेच बाजूच्या लाल ट्रेमध्ये जायचा. लग्नपत्रिकेत थोरल्या काकांचं नाव राहून गेलेलं दिसल्यावर घरातलं वडील माणूस जशी काही न बोलता पत्रिका खाली ठेवतं, तसं. मग एकच शब्द : "रिजेक्ट."

हा शब्द त्यांनी कामापुरता ठेवला नव्हता. कँटीनची उसळ, दिवाळीला कंपनीने वाटलेली बॅग, परदेशातून शिकून आलेला जनरल मॅनेजर, सगळं याच एका शब्दाने निकालात निघे. त्यांच्या आवाजात राग नसायचा. राग असता तर माणसांनी वाद घातला असता.

तपासणीत यायच्या आधी भाऊंनी बरीच वर्षं प्रेस शॉपमध्ये काढली होती. आयटीआय करून थेट प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबायच्या यंत्रावर. बाहेर टपरीवर चहा पिताना त्यांनी एकदा कप खाली ठेवला, "तीन नंबरचा पंच गेला," म्हणाले, आत जाऊन बघितलं तर खरंच पत्रा कापणाऱ्या पंचाचा टवका उडालेला. ही गोष्ट मला कंपनीत बऱ्याच जणांनी सांगितली. प्रत्येकाच्या सांगण्यात टपरी आणि प्रेस यांच्यातलं अंतर थोडं थोडं वाढत गेलं होतं. पण गोष्ट खोटी नसावी, कारण तेव्हाचे सगळेच चांगले कारागीर कानावर प्रेस चालवत. कंपनी नारिंगी रबराचे बोळे द्यायची, दोरीत ओवलेले. ते ही मंडळी गळ्यात घालत. साहेब आले की कानात, साहेब गेले की पुन्हा गळ्यात.

"कानात बोळे घालून प्रेस चालवायचा म्हणजे डोळे मिटून गाडी चालवायची," भाऊ म्हणत. मी एकदा म्हटलं, "पण भाऊ, कान जातील ना." त्यावर ते म्हणाले, "साहेब, कान वापरायलाच दिलेत. तुमचे बघा, नवे कोरे राहिलेत."

मी एसीत बसायचो म्हणून ते मला साहेब म्हणत. त्यात आदर नव्हता.

हेवी मेटल त्यांच्याकडे एका कॅसेटमधून आलं. आयटीआयच्या वसतिगृहात खोली सोडून गेलेल्या कोणाची तरी कॅसेट. वरचा कागद खरवडलेला, त्यामुळे बँड कुठला, गाणी कुठली, काही कळायला मार्ग नाही. भाऊंनी ती लावली आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांना मुळीच धक्का बसला नाही. "प्रेस शॉपच होतं ते," ते म्हणाले. "फक्त ठरवून केलेलं." पुढे तिशी उलटल्यावर त्यांनी गिटार घेतली आणि स्वतःची स्वतः शिकले.

त्यांचा बँड होता तीन जणांचा. गिटारवर भाऊ. ड्रमवर येवल्याचा एक तरुण, आमच्याच कंपनीत मेंटेनन्सला. आणि बेसवर मी. बेस हे वाद्य असं आहे की ते थांबलं तरच लोकांच्या लक्षात येतं, आणि आमच्या बाबतीत तेही येत नसे. गायक नव्हता. "गायक आला की लोक शब्द ऐकत बसतात," भाऊ म्हणाले, आणि तो विषय संपला. सातपूरला औद्योगिक सुट्टी शनिवारची, म्हणून तालीम शनिवारी, ड्रमरच्या मामांच्या पावडर कोटिंगच्या शेडमध्ये. सुट्टी म्हणून वसाहतीतली विजेची दुरुस्तीही शनिवारीच निघे. त्यामुळे आमच्या तालमीचा बराच भाग लाईट येण्याची वाट बघण्यात जायचा. त्या वेळात भाऊ आम्हाला आवाजाविषयी सांगत.

"जड वाजवणं म्हणजे मोठ्याने वाजवणं नव्हे. मोठ्याने तर वरातीतला डीजेही वाजतो. जड म्हणजे प्रेस. खाली आला, कापलं, थांबला. थांबला पाहिजे. तारेवर तळवा टेकला की आवाज तिथल्या तिथे संपला पाहिजे. मागे शेपटी नको. आणि कापताना धार पाहिजे. धार आणि शेपटी. या दोन गोष्टी बघायच्या, बाकी सगळं जाहिरात."

हे ऐकायला भारदस्त होतं आणि, पुढे मी जे थोडंफार वाचलं त्यावरून, बरोबरही होतं. अडचण एवढीच की हे सगळं भाऊ ज्यातून वाजवत तो ॲम्प एका भजनी मंडळाकडून आणलेला होता. माईकची भोकं, प्रतिध्वनीचं बटण, समोर जाळीवर चिकटवलेला ओम. त्यात गिटार घातली की ती खोकल्यासारखी वाजे. हा ॲम्प तात्पुरता होता. मी बँडमध्ये गेलो तेव्हा तात्पुरता होता, आणि दोन ड्रमर बदलून तिसरा आला तेव्हाही तात्पुरताच होता.

खरा ॲम्प निवडायचं काम चालू होतं.

कॉलेज रोडच्या आतल्या गल्लीत वाद्यांचं एक दुकान आहे. तिथला दुकानदार पोटापाण्यासाठी युकुलेले आणि तबले विकत असे, आणि भाऊ आले की देवाने धाडलेली परीक्षा समजून उभा राहत असे. भाऊ स्वतःची गिटार घेऊन जात. खिशात कंपनीतला पत्र्याचा एक गोल तुकडा असे. आधी तो बोटावर तोलून टिचकी मारायची, त्याचा नाद कानात घ्यायचा, मग गिटार जोडायची. खर्ज, मध्य, तीव्र अशी तीन बटणं असतात. पैकी तीव्रचं, ज्याला सगळे ट्रेबल म्हणतात ते, भाऊ एका झटक्यात शेवटपर्यंत फिरवत. मग वाजवत.

माझ्या दातांतून कळ जाई. दुकानातली मुलं बाहेर जाऊन उभी राहत. भाऊ मान तिरकी करून ऐकत, तळवा टेकत, पुन्हा वाजवत. मग गिटारची वायर हलकेच काढत.

"धार नाही," ते म्हणत.

"भाऊ," दुकानदार एकदा काकुळतीला येऊन म्हणाला, "धार नाही? समोरच्या मेडिकलवाल्याने शटर ओढून घेतलं."

"मेडिकलवाल्याला काय कळतं? बोथट आहे हा. रिजेक्ट."

ड्रमर म्हणाला, "भाऊ, लय कापतंय की. माझ्या कानातनं अजून जाईना झालंय. घ्या ना एकदाचा."

"तू ड्रम वाजवतोस. तुझं कानाशी काय काम?"

व्हॉल्व्हचे ॲम्प झाले, ट्रान्झिस्टरचे झाले, संगणकासारखे शेकडो आवाज पोटात घेऊन बसणारे झाले. पुण्यात झाले, मुंबईत झाले. सगळे बोथट. मला हे कठोर वाटे आणि थोरही वाटे. जगात सगळीकडे तडजोड चाललेली असताना सातपूरमध्ये एक माणूस निव्वळ तत्त्वासाठी भजनी मंडळाच्या ॲम्पमधून खोकत होता.

एक दाताचे डॉक्टर होते, गंगापूर रोडला. त्यांनी परदेशातून व्हॉल्व्हचा एक ॲम्प मागवला होता. दोन माणसांनी उचलायचा, पुढे कातडं, आत काचेच्या नळ्या दिव्यांसारख्या पेटणाऱ्या. भाऊंची कीर्ती ऐकून त्यांनी स्वतः बोलावलं. म्हणाले, घरी न्या, आठवडाभर ठेवा आणि सांगा. आम्ही तो भाऊंच्या फ्लॅटवर नेला. वहिनींनी दार उघडलं. वहिनी मूळच्या सटाण्याच्या, महापालिकेच्या शाळेत गणित शिकवत. बोलणं एरवी पुस्तकातल्यासारखं. चिडल्या की बागलाणी.

"हाई काय शे?" त्या म्हणाल्या.

"ॲम्प. आठवडाभर आहे."

"कपाटाएवढा?"

"त्यात कपडे ठेवायचे नाहीयेत."

"ठेवता आले असते तर बरं झालं असतं."

आठवड्याने भाऊ डॉक्टरांकडे गेले आणि म्हणाले, "दिसायला सुंदर आहे. पण बोथट." डॉक्टर हसले. काळजावर घाव बसला की सुशिक्षित माणसं जशी हसतात, तसे.

दरवर्षी कंपनीच्या गेटवर आरोग्य तपासणीची गाडी येते. गाडीत एक काचेची खोली असते. कानाला हेडफोन लावून आत बसायचं, हातात बटण धरायचं, आवाज आला की दाबायचं. दाबलं की बाहेर लाल दिवा लागतो आणि तपासणारी मुलगी पुढचा आवाज सोडते. प्रेस शॉपमधून निघाल्यापासून भाऊंनी ही तपासणी दरवर्षी टाळली होती. त्या दिवशी त्यांना कामं निघत. त्या वर्षी ती सक्तीची झाली. रांगेत भाऊ माझ्या पुढे होते.

ते आत बसले. सुरुवातीला दिवा नीट लागत होता. मग लागायचा थांबला. भाऊ ताठ बसलेले, अंगठा बटणावर, मान किंचित तिरकी. टिचकी मारल्यावर करायचे तशी. इतकं लक्ष देऊन ऐकणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. मुलगी दर थोड्या वेळाने काहीतरी फिरवत होती, त्यांच्याकडे बघत होती. दिवा लागत नव्हता. शेवटी तिने दार उघडलं.

"काका, झालं."

"अजून सुरू कुठे केलंस?"

"संपलं, काका."

भाऊ बाहेर आले. "मशीन खराब आहे," ते मला म्हणाले. मग तिला म्हणाले, "कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट दाखव." मशीन बरोबर मोजतं आहे की नाही हे वेळोवेळी तपासून घ्यावं लागतं, त्याचा दाखला. कंपनीत तो नसेल तर भाऊ साध्या मोजपट्टीलाही हात लावत नसत. मुलीने भिंतीवरचा कागद दाखवला. भाऊंनी चष्मा लावला, तारीख वाचली, कागदावरचा नंबर मशीनवरच्या नंबराशी पडताळला. मग माझ्याकडे वळले.

"साहेब, तू बस."

एरवी ते मला अहो-जाहो करत.

मी बसलो. कानात बारीक आवाज येऊ लागले, लांबून कुठूनतरी पाखरू बोलावं तसे. एक विरला की दुसरा, आधीच्याहून बारीक. मी बटण दाबत गेलो. काचेपलीकडे भाऊ उभे होते. ते माझ्याकडे बघत नव्हते, दिव्याकडे बघत होते. दिवा लागत होता, विझत होता, पुन्हा लागत होता. मध्ये एकदा बटण दाबू नये असं मला वाटलं. पण मला समोर तो चेहरा दिसत होता, आणि त्या चेहऱ्यासमोर खोटं माप देणं शक्य नव्हतं.

मी बाहेर आलो.

"सारखं वाजत होतं?"

"हो."

"बारीक?"

"बारीक."

"हं." ते मुलीकडे वळले. "मशीन ओके आहे, बेटा. थँक्यू."

आमच्या धंद्यात एक नियम आहे. मोजायचं साधन चुकीचं निघालं, तर ते नुसतं बाजूला ठेवून भागत नाही. त्या साधनाने आजवर तपासलेला सगळा माल परत तपासायचा. पास केलेला आणि नाकारलेला, दोन्ही. सापडेल तिथून परत आणायचा. या नियमावर मी एक भित्तिपत्रकही केलं होतं. तो कोणी स्वतःला लावेल असं मात्र माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. प्रशिक्षणाचा माणूस म्हणून मलाही बरोबर नेलं. उभ्याउभ्याच म्हणाले, "माझा कान आउट आहे. माझ्या टिचकीवर गेलेला माल परत बोलवा."

मॅनेजर चांगला माणूस होता. त्याने भाऊंना बसायला सांगितलं, चहा मागवला. मग म्हणाला, "भाऊ, काळजी करू नका. तुमच्यानंतर सगळे भाग पलीकडच्या खोलीत मशीनवर जातात ना. चीर असेल तर तिथे सापडते."

"ते मशीन कस्टमरला दाखवायला आहे ना?"

मॅनेजरने माझ्याकडे बघितलं. मी चहाकडे बघितलं.

"नाही, भाऊ," तो हळूच म्हणाला. "कस्टमरला दाखवायला टिचकी होती."

हे खरं होतं. मोठे पाहुणे आले की त्यांना आधी भाऊंच्या टेबलाशी नेत. जपान्यांनी तर फोटो काढले होते.

भाऊंनी चहा पूर्ण प्यायला, कप ट्रेमध्ये ठेवला आणि "ठीक आहे" म्हणून निघाले. त्यानंतर त्यांना टिचकी मारताना मी पाहिलं नाही. मापाचं गेज लावून मोजत, तोंडाने काही बोलत नसत. लाल ट्रे तसाच भरत होता, पण त्यातला समारंभ गेला.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की वरचे, बारीक आवाज गेले आहेत ते आता येणार नाहीत. बरेच आधी गेले असतील. उरलंय ते जपा, मोठ्या आवाजापासून लांब राहा. "किती लांब?" भाऊंनी विचारलं. डॉक्टरांना तो विनोद वाटला.

ॲम्पमधली धार म्हणजे नेमके तेच वरचे आवाज. ते भाऊंना ऐकूच येत नव्हते. म्हणून ते बटण शेवटपर्यंत फिरवत होते, म्हणून मेडिकलवाला शटर ओढत होता, आणि म्हणून जगातला प्रत्येक ॲम्प बोथट होता. हे मला गाडीपाशी उभं असतानाच कळलं होतं. त्यांनाही तिथेच कळलं असणार.  शनिवारी शेडमध्ये लाईट गेली तेव्हा तेच म्हणाले, "साहेब, मला ऐकू नाही आला तरी चालेल. पण तो आवाज पाहिजे. माझ्या हातातून निघून त्या खोलीत तो असला पाहिजे. आणि आहे की नाही हे मला कळलं पाहिजे. नाहीतर इतकी वर्षं मी काय केलं?"

 ड्रमर काड्या मांडीवर ठेवून बसून राहिला.

मग भाऊंनी नाकारलेले ॲम्प परत तपासायला घेतले.

सुरुवात दाताच्या डॉक्टरांपासून. मी बरोबर होतो. पेशंट संपेपर्यंत आम्ही बाहेर बसलो. डॉक्टर बाहेर आले तसे भाऊ उठले.

"डॉक्टर, तुमचा माल चांगला होता. माझं गेज खराब होतं. तो परत ऐकायचाय."

डॉक्टरांनी हातमोजे काढले. "भाऊ, तो मी विकला."

"कधी?"

"तुम्ही बोथट म्हणालात त्यानंतर थोड्याच दिवसांनी. आधी मला तो फार आवडायचा हो. पण तुम्ही म्हणालात, आणि मग मलाही तो बोथटच ऐकू यायला लागला." त्यांनी हातमोजे टोपलीत टाकले. "आता मी सायकल चालवतो."

"कोणाला विकला?"

"बंगलोरच्या कोणाला तरी. जाऊ द्या, तुम्ही एवढं सांगायला आलात, हेच खूप झालं."

"नाही," भाऊ म्हणाले. "सांगून काही होत नाही. माल परत यायला पाहिजे होता."

डॉक्टरांच्या पायऱ्या उतरताना त्यांनी कठडा धरला होता.  

कंपनीत एखाद्या मापाबद्दल शंका आली तर शेवटचा निवाडा मास्टरवर होतो. मास्टर म्हणजे कुलपात, थंड खोलीत ठेवलेला एक तुकडा, ज्याचं माप पक्कं आहे. भाऊंना कानाचा मास्टर हवा होता. माझा कान त्यांनी विचारात घेतला आणि नाकारला, कारण मी भिडस्त आहे. ड्रमरचे कान ड्रमजवळ होते. शेवटी त्यांनी वहिनींना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. सगळं आयुष्य चाळीस पोरांच्या वर्गात काढलेल्या त्या बाईंचे कान शाबूत होते, नुसते शाबूत नव्हे, डॉक्टर चकित झाले. फळ्याकडे तोंड करून त्या तिसऱ्या बाकावरची कुजबुज कोणाची ते सांगत, असं त्यांच्या शाळेत म्हणत.

"मला हे तुमचं वाजवणं आवडत नाही," वहिनी म्हणाल्या. "आधीच सांगते."

"उत्तम. मास्टरला माल आवडायची गरज नसते."

"आणि माझी एक अट आहे."

"आवाजाची?"

"आवाजाची. डॉक्टरांसमोर मी काही बोलले नाही."

"मान्य," भाऊ म्हणाले. अट काय ते त्यांनी विचारलंही नाही.

दुकानदाराला भाऊंनी उंबऱ्यातच सांगून टाकलं, "इथले सगळे ॲम्प परत ऐकायचेत. माझा कान गेलेला होता. तुमच्या मालात दोष नव्हता." दुकानदाराने इतकी वर्षं या क्षणाची वाट पाहिली असेल. पण तो आत गेला आणि वहिनींसाठी खुर्ची घेऊन आला.

वहिनी पर्स मांडीवर ठेवून, डोळे मिटून बसल्या. भाऊंनी पहिला ॲम्प जोडला आणि सवयीने ट्रेबलचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. वहिनी उठल्या, ॲम्पपाशी गेल्या आणि ते बटण मागे आणत आणत जवळजवळ मध्यावर ठेवलं.

"इतकं नको. पोरं पळून जातात ती उगाच नाही."

भाऊंनी बटणाकडे बघितलं. मग वाजवायला लागले.

"हा खडू घासल्यासारखा," वहिनी म्हणाल्या. पुढचा. "हा बरा आहे, पण तुम्ही थांबलात तरी मागे काहीतरी चालूच राहतं. मागच्या बाकावर कोणीतरी चोरून डबा खातंय तसं."

"शेपटी," भाऊ मला म्हणाले. त्यांच्या आवाजात बऱ्याच दिवसांनी जीव आला होता. "शेपटी कळते तिला."

"हा नुसताच ओरडतो. नव्या मास्तरसारखा."

असं करत करत दुकानात उरला एक काळा, साधा ॲम्प. ट्रान्झिस्टरचा, एकाच स्पीकरचा. दुकानदार गिटार विकताना चालते की नाही हे दाखवायला तो वापरायचा. भाऊंनी पहिल्याच भेटीत, एक सूरही पुरता न ऐकता, त्याला नाकारलं होतं. त्यांनी वाजवलं, तळवा टेकला. वहिनींनी डोळे उघडले.

"पुन्हा."

त्यांनी पुन्हा वाजवलं.

"हा," वहिनी म्हणाल्या.

"धार आहे?"

"आहे."

"मला गोधडीतून आल्यासारखं येतंय."

"मला नाही येत."

"नक्की? माझ्याकडे बघून सांग."

"अहो, नक्की. गालाला लागतंय. आणि तुम्ही हात टेकलात की संपतं, गप्प. वर्गात हेडमास्तर आल्यावर होतं तसं."

भाऊंनी पुन्हा एकदा वाजवलं. या वेळी ते ॲम्पकडे बघत नव्हते. वहिनींच्या चेहऱ्याकडे बघत होते, त्या दिवशी दिव्याकडे बघत होते तसे. प्रत्येक ठोक्याला वहिनींच्या पापण्या किंचित मिटत होत्या, आणि भाऊ त्या बघून वाजवत होते. मी आजवर ऐकलेलं त्यांचं सर्वांत चांगलं वाजवणं ते होतं. समोरच्या मेडिकलचं शटर उघडंच होतं.

"घेऊ," ते म्हणाले. पास म्हणाले नाहीत.

हे सगळं झालं त्याला आता काही वर्षं होतील. भाऊ निवृत्त झाले, मीही कंपनी सोडली. ड्रमर थोडे दिवस आला. मग म्हणाला, "भाऊ, या आवाजात वाजवायचं तर मला काड्यांऐवजी मोरपिसं घ्यावी लागतील," आणि दुसऱ्या बँडमध्ये गेला. त्याचं चुकलं नाही. वहिनींची अट अशी होती की आवाजाचं बटण दोनच्या पुढे जाणार नाही. ते दहापर्यंत आहे.

मी अधूनमधून पाथर्डी फाट्याला त्यांच्या घरी जातो. भाऊ हॉलमध्ये ॲम्पसमोर खुर्ची घेऊन बसतात, बटणं वहिनींनी लावून दिलेली असतात तशीच ठेवतात, आणि संध्याकाळी थोडा वेळ वाजवतात. पाठ ताठ, मान तिरकी. मी ऐकतो आणि विचारलं तर सांगतो. धार आहे. शेपटी नाही. हे मी भिडेपोटी सांगत नाही. माझ्या ऐकण्यात इतका नेमका, इतका जड आवाज दुसरा नाही. वहिनी आतल्या खोलीत मालिका बघत असतात, आणि मालिकेतले सगळे संवाद हॉलमध्ये स्पष्ट ऐकू येतात.